सव्वीस आठवडे सरल्यानंतर

सांगलीच्या बाजारपेठेत तीन पिढ्यांची हळदीची अडत असलेले एक घर उदाहरणादाखल डोळ्यांपुढे आणावे. थोरला मुलगा पेढीवर बसतो. धाकटा शिकून अमेरिकेस गेला, न्यू जर्सीत स्थिरावला आणि तिथला कायम निवासी झाला. एका मालवाहतूक कंपनीत त्याने चौदा वर्षे हिशेबाचे काम केले. एके दिवशी कंपनीने ती शाखाच बंद केली. सांगलीस ही बातमी पोचली ती तब्बल पाच महिन्यांनी, एका रविवारी सायंकाळी, सूर्यास्तापूर्वीचे जेवण आटोपून घर फोनपाशी जमले तेव्हा.

“अण्णा, इथल्या बेकारी विम्याचे आठवडे आता संपत आले आहेत. पण वाढवून मिळतात म्हणे. करोनाच्या वेळी सगळ्यांना मिळाले होते,” मुलगा म्हणाला.

अण्णांनी थोडा वेळ काहीच उत्तर दिले नाही. मग ते म्हणाले, “म्हणजे इतके दिवस तू सरकारच्या पैशावर घर चालवतो आहेस? आपल्या घराण्यात आजवर कुणी धर्मादाय घेतलेला नाही रे.”

या दोन वाक्यांत दोन गैरसमज आहेत. वडिलांना वाटते, बेकारी भत्ता हे दान आहे. मुलाला वाटते, नेमून दिलेले आठवडे सरले की पुढचे आपोआप सुरू होतात. पहिल्या समजुतीमुळे संकोच वाटून माणूस अर्जच उशिरा करतो. दुसरीमुळे तो शेवटच्या आठवड्यानंतर रिकाम्या हातांनी बसून राहतो. अमेरिकेत मुले, मुली, जावई असलेली व्यापारी जैन कुटुंबे महाराष्ट्रात आता गावोगावी आहेत. त्या सर्वांनी ही व्यवस्था मुळापासून समजून घेणे उपयुक्त ठरेल.

हप्ता कोण भरतो?

१९२९ नंतरच्या महामंदीत अमेरिकेतील लक्षावधी कष्टकरी एकाएकी बेकार झाले. धर्मादाय संस्थांची अन्नछत्रे अपुरी पडली. त्या काळात, १९३२ साली, विस्कॉन्सिन राज्याने बेकारी विम्याचा देशातील पहिला कायदा संमत केला. पुढे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या कारकिर्दीत मजूरमंत्री फ्रान्सिस पर्किन्स यांच्या अध्यक्षतेखालील समितीने देशव्यापी योजनेचा आराखडा तयार केला आणि १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यात बेकारी विम्यास स्थान मिळाले. १९३६ मध्ये विस्कॉन्सिनमध्येच पहिला भत्ता दिला गेला. ती रक्कम होती १५ डॉलर.

या विम्याचा हप्ता मालक भरतो. केंद्रीय कर प्रत्येक कामगाराच्या वर्षातील पहिल्या ७,००० डॉलर वेतनावर ६ टक्के आहे. राज्याचा कर वेळेवर भरणाऱ्या मालकास त्यातून ५.४ टक्क्यांची सूट मिळते. म्हणजे माणशी वर्षाकाठी ४२ डॉलर केंद्राकडे जातात. राज्याचा कर वेगळा असतो आणि तो मालकाच्या पूर्वइतिहासावर ठरतो: जो वारंवार माणसे कमी करतो त्याचा दर चढतो, जो माणसे टिकवतो त्याचा उतरतो. अलास्का, न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनिया या तीन राज्यांत तर कामगाराच्या पगारातूनही या निधीसाठी कपात होते.

म्हणजेच न्यू जर्सीतील त्या मुलाच्या नावे त्याच्या मालकाने चौदा वर्षे हप्ता भरला आणि त्यानेही स्वतःच्या पगारातून भरला. गोदामातील मालाचा आगीचा विमा उतरवणारा व्यापारी आग लागल्यावर दावा करताना लाजत नाही. उलट दावा न करणाऱ्यास बाजार अव्यवहारी म्हणेल. अमेरिकेत दुकान, मोटेल किंवा गोदाम चालवणारी आपली कुटुंबे हाच कर दर तिमाहीस भरत असतात. त्यांच्याही जमाखर्चात ही रक्कम दानधर्माच्या खाती पडत नाही, धंद्याच्या खर्चात पडते.

नियमित भत्त्याची मुदत

बेकारी विमा केंद्र आणि राज्ये मिळून चालवतात, परंतु नियम व रक्कम प्रत्येक राज्य आपापली ठरवते. स्वतःचा दोष नसताना काम गेलेले असावे, ठरलेल्या आधार-कालात पुरेशी कमाई झालेली असावी, आणि माणूस काम करण्यास समर्थ, मोकळा व काम शोधणारा असावा, या मूळ अटी सर्वत्र आहेत. आधार-काल म्हणजे सामान्यतः मागील पाच पूर्ण तिमाहींपैकी पहिल्या चार. बहुतेक राज्यांत भत्ता आधीच्या साप्ताहिक वेतनाच्या सुमारे निम्मा असतो आणि त्यावर कमाल मर्यादा असते. मुदत बहुतेक ठिकाणी जास्तीत जास्त २६ आठवडे आहे. मात्र फ्लोरिडा आणि नॉर्थ कॅरोलिना यांसारख्या राज्यांत ती १२ आठवड्यांपर्यंत खाली आलेली आहे. राज्य बदलले की मुदत बदलते, म्हणून चुलतभावाच्या अनुभवावर विसंबून राहणे धोक्याचे.

दावा सामान्यतः ज्या आठवड्यात दाखल केला त्या आठवड्यापासून चालू होतो. मागील आठवड्यांचा भत्ता सबळ कारणाशिवाय मिळत नाही. संकोचाची किंमत इथे मोजावी लागते. काम गेल्यावर “दोन आठवड्यांत दुसरे मिळेल, कशाला अर्ज?” म्हणून कोणी पाच आठवडे थांबला, तर त्या पाच आठवड्यांचे घरभाडे साठवणीतून जाते. दावा केल्यापासून ५२ आठवड्यांचे लाभवर्ष सुरू होते. मिळावयाची रक्कम त्या वर्षातच घ्यावयाची असते.

वाढीव आठवड्यांचे दार

नियमित भत्ता संपल्यानंतर मिळणारा वाढीव भत्ता १९७० च्या एका केंद्रीय कायद्याने कायमस्वरूपी अस्तित्वात आला. त्यापूर्वी १९५८ आणि १९६१ च्या मंदीत काँग्रेसने तात्पुरते कायदे करून मुदती वाढवल्या होत्या. दर वेळी मंदी येणार, मग चर्चा होणार, मग कायदा होणार आणि तोवर घरे रिकामी होणार, हा विलंब टाळावा म्हणून १९७० साली एक स्वयंचलित व्यवस्था योजली गेली. राज्यातील बेकारीचे प्रमाण ठराविक पातळीवर चढले की दार उघडते, उतरले की मिटते.

ही पातळी दोन मापांनी मोजतात. पहिले माप विम्याखालील कामगारांचे: तेरा आठवड्यांच्या काळात त्यांच्यापैकी किमान ५ टक्के भत्ता घेत असावेत आणि हे प्रमाण मागील दोन वर्षांतील त्याच काळाच्या सरासरीच्या १२० टक्के तरी असावे. हे माप सर्व राज्यांना बंधनकारक आहे. दुसरे माप एकूण बेकारीचे असून ते स्वीकारणे राज्याच्या इच्छेवर आहे. तीन महिन्यांचे सरासरी प्रमाण ६.५ टक्के किंवा अधिक आणि मागील दोनांपैकी एखाद्या वर्षाच्या त्याच काळाच्या ११० टक्के असेल तर दार उघडते. हेच प्रमाण ८ टक्क्यांवर गेले तर मुदत आणखी वाढते.

दार उघडे असताना वाढीव मुदत जास्तीत जास्त १३ आठवडे असते आणि ८ टक्क्यांच्या पातळीस २० आठवडे. नियमित मुदत कमी असलेल्यास त्या प्रमाणातच वाढ मिळते, म्हणजे नियमित रकमेच्या निम्मी आणि अतिबेकारीच्या काळात ८० टक्के. साप्ताहिक रक्कम बहुधा पूर्वीचीच राहते. समजा, कोणास आठवड्यास ६०० डॉलर मिळत होते. त्याचे २६ आठवड्यांचे १५,६०० झाले, तर १३ वाढीव आठवड्यांचे ७,८०० होतील. एरवी या खर्चाचा निम्मा भार केंद्र उचलते आणि निम्मा राज्य.

उघडलेले दार किमान तेरा आठवडे उघडे राहते, मिटलेलेही किमान तेरा आठवडे मिटलेलेच राहते. मिटण्याची तारीख आली की ज्याचे काही वाढीव आठवडे शिल्लक आहेत त्याचाही भत्ता त्याच तारखेस थांबतो. शिल्लक पुढे ओढता येत नाही. कोणत्या राज्याचे दार उघडे आहे याची सूचना केंद्रीय मजूर खाते दर आठवड्यास प्रसिद्ध करते.

यातून निघणारी गोष्ट मुलाने आरंभीच समजून घ्यावयास हवी होती. देशाचा व्यापार बरा चाललेला असतो तेव्हा बहुतेक सर्व राज्यांत हे दार मिटलेले असते. एका माणसाची अडचण कितीही खरी असली, तरी ते उघडते ते संपूर्ण राज्यातील बेकारी पाहून.

२००८ आणि २०२०: नियम नव्हे, अपवाद

मग करोनाकाळात सर्वांना वाढीव आठवडे कसे मिळाले? ते काँग्रेसने खास केलेल्या तात्पुरत्या कायद्यांमुळे. २००८ च्या आर्थिक अरिष्टातही असेच झाले होते. त्या वर्षीच्या जूनमध्ये सुरू झालेली आपत्कालीन योजना वारंवार वाढवण्यात आली. अधिक झळ पोचलेल्या राज्यांत नियमित २६, आपत्कालीन ५३ आणि वाढीव २० असे मिळून ९९ आठवड्यांपर्यंत भत्ता मिळू शकत होता. २०१३ सरताना ती योजना बंद झाली. ज्यांचे आठवडे मधेच होते त्यांनाही पुढील रक्कम मिळाली नाही.

मार्च २०२० मधील कायद्याने नियमित भत्ता संपलेल्यांना १३ आठवडे दिले. डिसेंबरमध्ये ते २४ झाले, मार्च २०२१ मध्ये ५३. त्यावर काही महिने आठवड्यास ६०० डॉलर, पुढे ३०० डॉलर अधिक मिळाले. व्यापारी कुटुंबांच्या दृष्टीने विशेष म्हणजे स्वतःचा धंदा करणाऱ्यांसाठी तेव्हा वेगळी योजना होती. एरवी विम्याबाहेर राहणाऱ्या दुकानदारास, टॅक्सीचालकास, घरून शिवणकाम करणाऱ्या स्त्रीस तिचा आधार मिळाला. सप्टेंबर २०२१ च्या प्रारंभी या सर्व योजना समाप्त झाल्या. त्या आठवणीवर विसंबून आजचा घरखर्च आखणे म्हणजे मागील वर्षीच्या भावावर यंदाची हळद खरेदी करणे होय.

शेवटच्या आठवड्यांत काय करावे?

भत्ता संपण्याची वाट पाहत बसू नये. चार-सहा आठवडे आधीच राज्याच्या मजूर खात्याच्या अधिकृत संकेतस्थळावरील आपल्या खात्यात शिल्लक रक्कम आणि लाभवर्षाची अंतिम तारीख, दोन्ही पाहून ठेवाव्यात. रक्कम संपणे आणि वर्ष संपणे या भिन्न गोष्टी आहेत. मधल्या काळात काही महिने नोकरी केलेल्याचे लाभवर्ष रक्कम शिल्लक असतानाच संपू शकते. अशा वेळी नवा दावा दाखल करून नवी पात्रता तपासून घ्यावी लागते. पुष्कळांना वाढीव भत्ता मागण्यापूर्वी हा नवा दावाच करावा लागतो, कारण ज्यास नियमित भत्ता मिळू शकतो त्यास वाढीव दिला जात नाही.

दार उघडे असेल तर खाते पात्र व्यक्तीस कळवते. काही राज्ये पुढचा दावा आपोआप चालू करतात, काही वेगळा अर्ज मागतात. पत्राची वाट पाहताना दर आठवड्याचे निवेदन भरणे थांबवू नये. पुढे निर्णय बाजूने लागला तरी न भरलेल्या आठवड्यांचे पैसे अडकतात.

वाढीव भत्त्याच्या अटी नियमितापेक्षा कडक आहेत. आधार-कालात साधारण २० आठवड्यांच्या पूर्णवेळ कामाइतकी नोकरी किंवा तितकी कमाई दाखवावी लागते. कामाचा शोध नियमित व सातत्याचा हवा आणि त्याचा पुरावा हवा: कोठे अर्ज केला, कोणत्या दिवशी, कोणाशी बोलणे झाले, काय उत्तर आले. ज्यांच्या घरी रोजमेळ लिहिण्याची सवय आहे त्यांस हे जड जाऊ नये. त्याच शिस्तीने एक वही ठेवावी. ‘योग्य काम’ या शब्दाचा अर्थही इथे रुंदावतो. आपल्या पेशात लवकर काम मिळण्याची चिन्हे नसतील, तर भत्त्याहून अधिक व किमान वेतनास धरून पगार देणारे, करता येण्याजोगे कोणतेही काम स्वीकारणे अपेक्षित असते. हिशेबनिसास गोदामातील काम आले आणि त्याने ते नाकारले, तर वाढीव भत्ता बंद होऊ शकतो. तो पुन्हा मिळण्यासाठी आधी काही आठवडे नोकरी करून ठरलेली कमाई दाखवावी लागते.

राज्य सोडताना विशेष सावध असावे. दार उघडे असलेल्या राज्यातील भत्ता घेत असताना माणूस भावाकडे दुसऱ्या राज्यात राहावयास गेला आणि तिथले दार मिटलेले असले, तर वाढीव भत्ता पहिल्या दोन आठवड्यांपुरताच मिळतो.

अर्ज नाकारला गेला तर खचू नये. निर्णयपत्रावर अपिलाची मुदत छापलेली असते. काही राज्यांत ती दहा दिवस असते, काहींत तीस. अपील लेखी करावे, मुदतीत करावे आणि सुनावणीस कागदपत्रांसह हजर राहावे. अर्ज व अपील या दोहोंसाठी सरकार शुल्क घेत नाही. पैसे घेऊन “वाढीव आठवडे मिळवून देतो” म्हणणाऱ्यास सामाजिक सुरक्षा क्रमांक देणे म्हणजे अनोळखी माणसाच्या हाती तिजोरीची किल्ली देणे. गावोगावच्या सरकारी रोजगार केंद्रांत हे साहाय्य विनामूल्य मिळते.

बेकारी भत्त्यावर केंद्रीय प्राप्तिकर लागतो, हेही पुष्कळांच्या ध्यानात राहत नाही. विनंती केल्यास खाते दर आठवड्यास १० टक्के कापून घेते. ती कपात आरंभीच मागितलेली बरी, नाहीतर एप्रिलमध्ये घर दुसऱ्यांदा अडचणीत येते.

विम्याच्या कक्षेबाहेर कोण?

एच-१बी परवान्यावर काम करणाऱ्या तरुणांचा प्रश्न वेगळा आहे. त्यांच्याही मालकाने कर भरलेला असतो, परंतु परवाना त्याच मालकाशी बांधलेला असल्याने, ‘दुसरीकडे ताबडतोब काम करण्यास मोकळा’ ही अट त्यांना सामान्यतः पूर्ण करता येत नाही. काम सुटल्यावर त्यांच्या हाती जास्तीत जास्त ६० दिवसांचा अवकाश असतो. तेवढ्यात नवा मालक शोधणे, परवान्याचा प्रकार बदलणे किंवा मायदेशी परतणे यांतून निवड करावी लागते. अशा घरात वाढीव आठवड्यांचा प्रश्नच उद्भवत नाही. त्यांची साठवण हाच त्यांचा विमा. उलट ग्रीन कार्डधारक, नागरिक आणि कामाची खुली परवानगी असलेले जोडीदार सामान्यतः पात्र ठरू शकतात. ग्रीन कार्डच्या अर्जावर या भत्त्याचा परिणाम होईल अशी धास्ती अनेकांना असते. २०२२ च्या केंद्रीय नियमात बेकारी विमा शासनावर भार ठरवणाऱ्या मदतीत धरलेला नव्हता. तरी हे नियम बदलत असल्याने अर्ज प्रलंबित असणाऱ्याने वकिलास विचारावे.

घरच्या धंद्यात राबणाऱ्यांसाठी आणखी एक बाब महत्त्वाची. एकट्याच्या मालकीच्या दुकानात पत्नीने पतीकडे केलेले काम, आईवडिलांनी मुलाकडे केलेले काम आणि एकवीस वर्षांखालील मुलाने आईवडिलांकडे केलेले काम केंद्रीय बेकारी कराच्या कक्षेत येत नाही. वीस वर्षे गल्ल्यावर बसलेल्या गृहिणीचे दुकान बंद पडले, तर तिच्या नावे बहुधा काहीच जमा नसते. दुकान कंपनी म्हणून नोंदलेले असेल तर नियम बदलतात. धंद्याची रचना ठरवताना हा मुद्दा हिशेबनिसाकडून समजून घ्यावा. वादळ किंवा पूर अशा संकटात राष्ट्राध्यक्षांनी मोठी आपत्ती घोषित केल्यास मात्र स्वयंव्यवसायींनाही २६ आठवड्यांपर्यंत आपत्ती-साहाय्य मिळू शकते.

निवेदनातील सत्य

दर आठवड्याच्या निवेदनात विचारलेले प्रश्न थोडे असतात: या आठवड्यात काम केले का, काही मिळकत झाली का, काम नाकारले का, काम करण्यास मोकळे होता का. उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच असते आणि घसरण तेथेच होते.

एडिसनच्या बाजारात मामेभावाचे किराणा दुकान आहे. बेकार माणूस शनिवार-रविवार तेथे बसतो. मामेभाऊ हाती शंभर डॉलर ठेवतो आणि म्हणतो, “आपल्या आपल्यात कसले रे काम!” कायद्याच्या दृष्टीने ते काम आहे आणि ती मिळकत आहे. ती कळवली तर बहुतेक राज्यांत भत्ता काही अंशी कमी होतो, सर्वस्वी जात नाही. लपवली तर घेतलेली रक्कम परत करावी लागते आणि लबाडी सिद्ध झाल्यास त्यावर किमान १५ टक्के दंड बसतो.

दुसरा प्रसंग भारतभेटीचा. काम नाही, वेळ मोकळा आहे, पर्युषण किंवा दशलक्षण पर्व घरी करावे, धाकट्या बहिणीचे लग्न उरकावे, म्हणून माणूस महिनाभर सांगलीस येतो आणि इथूनच निवेदन भरतो की ‘मी कामास मोकळा आहे’. तो हजारो मैल दूर आहे, म्हणजे मोकळा नाही. त्या आठवड्यांचा भत्ता त्याचा नव्हे. येणे आवश्यकच असेल तर यावे, खात्यास कळवावे आणि ते आठवडे सोडून द्यावेत.

पाच अणुव्रतांत सत्य आणि अचौर्य शेजारी शेजारी आहेत. जे दिलेले नाही ते न घेणे, एवढाच अचौर्याचा साधा अर्थ. हक्काचा भत्ता संकोचाने सोडून देण्यास कोणतेही व्रत सांगत नाही. हक्क नसलेला आठवडा घेण्यास मात्र हे व्रत निश्चित मना करते.

दार मिटलेले असेल तर

न्यू जर्सीतील त्या मुलाने अखेर खात्याकडे चौकशी केली. उत्तर सरळ होते: राज्यात वाढीव भत्त्याचा काळ चालू नाही. सव्विसाव्या आठवड्यानंतर पुढचा आठवडा नाही.

अशा वेळी दोन-तीन वाटा तपासून पाहाव्यात. न्यू जर्सीसह काही राज्यांत मान्यताप्राप्त प्रशिक्षण घेणाऱ्यांस नियमित मुदतीनंतरही काही काळ भत्ता मिळू शकतो, परंतु त्यासाठीची हालचाल बेकारीच्या आरंभीच्या आठवड्यांत करावी लागते. शेवटी जाग आल्यास ही संधी बहुधा निसटते. नोकरीबरोबर आरोग्य विमा गेला असेल तर सरकारी विमा-बाजारातून नवा विमा घेण्यास ६० दिवसांची खास मुदत असते. आजारपणाने घर बुडू नये म्हणून हे पहिल्याच महिन्यात करावे. घरकर्जाचा हप्ता थकण्यापूर्वी बँकेशी बोलावे, थकल्यावर बोलण्यात बळ राहत नाही.

आणि घराशी बोलावे. आपल्या समाजात साधर्मिक वात्सल्य हा शब्द जेवणावळीपुरता उरला आहे, अशी खंत वडीलधारी माणसे व्यक्त करतात. त्याचा मूळ आशय अडचणीतील सहधर्मियास त्याचा मान राखून उभे करणे हा आहे. दक्षिण महाराष्ट्रातील जैन समाजाने बोर्डिंगे उभारली तेव्हा दूरच्या खेड्यातील मुलास कोणी भिक्षा घातली नव्हती. त्याच्या शिक्षणाची सोय केली आणि तो स्वतःच्या पायांवर उभा राहिला. अमेरिकेतील जैन केंद्रांत दर रविवारी पाठशाळेस शेकडो कुटुंबे जमतात. त्यांत कोणी माणसे शोधणारा मालक असतो, कोणी वकील, कोणी हिशेबनीस. सभामंडपात शेजारी बसूनही एकास दुसऱ्याची बेकारी ठाऊक नसते, कारण ती सांगणे कमीपणाचे वाटते. नोकरी जाणे हा कलंक नव्हे, एवढे एकदा उघडपणे बोलले गेले तर पुष्कळ दारे माणसांच्या ओळखीने उघडतील.

भारतातील कुटुंबासही हातभार लावता येतो. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली निवासी व्यक्ती आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत परदेशी पाठवू शकते, त्यात नातलगांच्या निर्वाहाचाही समावेश होतो. बँकेकडून कागदपत्रे व कर समजून घेऊन हे रीतसर करावे. मुले परदेशातून पैसे पाठवतात, हेच आजवर पाहिलेल्या घरांना उलटा ओघ प्रथम विचित्र वाटेल. परंतु पेढीचा नियम जुनाच आहे. एका शाखेला खोट आली की दुसरी शाखा काही काळ तिचा भार सोसते.

चोविसाव्या आठवड्यातील रविवारी सांगलीहून पुन्हा फोन गेला. या वेळी अण्णांनी समोर कोरी वही उघडून ठेवली होती. तोपर्यंत थोरल्याने त्यांना हप्ता कोण भरतो ते समजावून सांगितले होते.

“घराचा हप्ता किती? विम्याचे किती? उरलेल्या दोन आठवड्यांत किती यायचे?” ते एकेक आकडा विचारून मांडत गेले. बेरीज झाल्यावर क्षणभर थांबून म्हणाले, “खोट आठ महिन्यांची धरू. आपण मिळून भरून काढू. मामेभावाच्या दुकानात बसतोस ते मात्र तिथल्या खात्याला कळव. आणि हे बघ, पहिल्याच आठवड्यात सांगायला हवे होतेस.”

“हो अण्णा,” मुलगा म्हणाला. मग त्याने त्या आठवड्यात केलेल्या अर्जांची यादी आपल्या वहीतून वाचून दाखवली. त्यांत एक अर्ज गोदामातील कामासाठी होता.